गिनीपिगच्या दाढांचे उपचार : छत्रपती संभाजीनगरच्या एका लहान रुग्णालयाचा चार महिन्यांचा अनुभव

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्व भागातील एका निवासी वसाहतीत, तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत चालणाऱ्या लहान प्राण्यांच्या रुग्णालयाविषयी मी हे लिहीत आहे. आम्ही जालन्याचे. आमच्या तांबूवर, म्हणजे माझ्या मुलीने सांभाळलेल्या साडेतीन वर्षांच्या गिनीपिग मादीवर, फेब्रुवारी ते मे या काळात तिथे तोंडाचे उपचार झाले. रुग्णालय चालवणाऱ्या डॉक्टर मॅडम ससे आणि गिनीपिग आठवड्यातून दोनच दिवस तपासतात आणि त्याहून अधिक रुग्ण घेणे त्यांना झेपत नाही. म्हणून नाव जाहीरपणे लिहू नये, अशी विनंती त्यांनी केली आणि ती मी पाळत आहे. नाव नसले तरी त्यांनी काय तपासले, कोणत्या क्रमाने तपासले आणि घरी काय करायला शिकवले, हे सविस्तर लिहिले तर परभणी, लातूर किंवा नांदेडच्या वाचकालाही आपल्या गावातल्या पशुवैद्यकाला नेमके काय विचारायचे ते कळेल, असे मला वाटते.

माझे वडील शेतकरी होते. बाजारात बैलाचा जबडा उघडून तो अदत आहे, दोनदाती आहे की जुळलेला आहे, म्हणजे वयाने केवढा आहे, हे ते एका नजरेत सांगत. त्यामुळे जनावराचे दात पाहणे आमच्या घराला नवीन नव्हते. परंतु गिनीपिगचे दात हा त्याहून अगदी वेगळा विषय आहे, हे कळायला आम्हाला तीन आठवडे लागले आणि ते तीन आठवडे तांबूला महागात पडले. गिनीपिगच्या तोंडात एकूण २० दात असतात. पुढे वर दोन आणि खाली दोन पटाशीचे दात, मग बरीच मोकळी जागा, आणि पार आत, गालांच्या घडीमागे, प्रत्येक बाजूला वर चार आणि खाली चार अशा १६ दाढा व उपदाढा. हे सगळे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चघळताना एकमेकांवर घासून झिजतात. झीज कमी पडली किंवा जबड्याची ठेवण बिघडली की खालच्या दाढा जिभेकडे झुकतात, वरच्या गालाकडे वळतात आणि त्यांना सुईसारखी टोके येतात. दोन्ही बाजूंच्या खालच्या दाढा फार वाढल्या तर जिभेवर कमान तयार होते आणि जीभ तिच्याखाली अडकते. भूक असूनही प्राण्याला घास गिळता येत नाही.

तांबूचे नेमके हेच झाले होते. जानेवारीच्या शेवटी ती काकडीचा तुकडा आनंदाने उचलायची, दोनदा चघळायची आणि खाली टाकायची. नंतर हनुवटीखालचे केस सतत ओले राहू लागले. आम्हाला वाटले की पाण्याच्या बाटलीची गळती असावी. लेंड्या लहान आणि कोरड्या झाल्या होत्या, तेही आम्ही थंडीवर ढकलले. वजन करण्याची सवय आम्हाला नव्हती. जुन्या एका नोंदीत ९२० ग्रॅम होते आणि रुग्णालयाच्या काट्यावर ते ७६० भरले. हे आकडे शेजारी शेजारी लिहिलेले पाहिले तेव्हा माझी मुलगी रडली, आणि मलाही स्वतःचा राग आला, कारण स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा इतके दिवस ओट्यावरच होता.

या रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी आम्ही दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. तिथे टॉर्च लावून फक्त पुढचे दात पाहिले गेले, ते लांब झाले आहेत असे सांगून नखे कापण्याच्या कात्रीने कापले गेले आणि अमॉक्सिसिलिनचे थेंब लिहून दिले गेले. कापताना एक दात उभा तडकला. थेंबांचे दोन डोस दिल्यावर शौच पातळ झाले. त्या रात्री मुलीने सापडेल त्या क्रमांकांवर फोन केले, त्यांतला एक या डॉक्टर मॅडमनी उचलला. त्यांचे पहिले वाक्य होते, "ते औषध आत्ता थांबवा, पुढचा थेंब देऊ नका." अमॉक्सिसिलिनसारखी पेनिसिलिनच्या गटातली प्रतिजैविके, तसेच क्लिंडामायसिन आणि लिंकोमायसिन, गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतात; मग अपायकारक जिवाणू वाढून विष तयार करतात आणि त्यात प्राणी दगावू शकतो. माणसाला आणि कुत्र्याला सहज दिले जाणारे औषध इथे घातक ठरते. मी यासाठी कुणा एकाला दोषी धरत नाही. आपल्या भागातले पशुवैद्यक देवणी आणि लाल कंधारी गायी-बैल, मराठवाडी म्हशी, उस्मानाबादी शेळ्या यांच्या सेवेत दिवस काढतात, आणि गायीला तर वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात. गिनीपिग त्यांच्या टेबलावर वर्षातून एखादा येत असेल. तरीही ज्याला अनुभव नाही त्याने तसे स्पष्ट सांगून पुढे पाठवावे, एवढी अपेक्षा मी नक्की ठेवतो.

आता मूळ विषयाकडे येतो. पहिल्या भेटीत डॉक्टर मॅडमनी तांबूला हात लावण्यापूर्वी दहा मिनिटे आम्हालाच प्रश्न विचारले. रोज किती गवत खाते, गोळीखाद्य किती, बिस्कीट किंवा पोळी देता का, कोणती गोष्ट आधी खायची सोडली, लाळ एका बाजूने गळते की दोन्ही, असे ते प्रश्न होते. आमची उत्तरे ऐकताना आमचीच चूक आम्हाला दिसू लागली. तांबूच्या आहारात गोळीखाद्य आणि भाजीच अधिक होती, वाळलेले गवत नावालाच होते, आणि माझी आई प्रेमाने रोज सकाळी चहातल्या टोस्टचा कडक तुकडा देत असे. कडक पदार्थाने दात झिजतात हा आमचा समज होता. प्रत्यक्षात दाढा झिजतात त्या लांब तंतूचे गवत तासन् तास आडवे चघळल्याने. टोस्ट किंवा गोळी दोन चाव्यांत फुटते आणि दाढांना काम उरत नाही.

त्यानंतर त्यांनी खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवून उंचवटे आहेत का ते पाहिले, दोन्ही डोळे आणि नाक तपासले, आणि कान तपासण्याच्या यंत्राची नळी तोंडाच्या कडेने आत घालून दाढांचा अंदाज घेतला. जागेपणी एवढेच दिसते आणि यात बरेच दोष सुटतात, हे त्यांनी स्वतःहून सांगितले. म्हणून डोक्याचे वेगवेगळ्या कोनांतून एक्स-रे काढले. एक्स-रेमध्ये खालच्या दाढांची मुळे जबड्याच्या हाडात नेहमीपेक्षा खोल गेलेली होती, मात्र हाड फुटलेले नव्हते आणि गळूही नव्हते. गळू असते तर उपचार कितीतरी अवघड झाला असता. पुढचे दात लांब झाले होते ते मागच्या दाढांमुळे तोंड नीट मिटत नसल्याने; म्हणजे पहिल्या ठिकाणी जे कापले गेले ते दुखण्याचे मूळ नव्हतेच. एक्स-रे पडद्यावर मोठा करून, शेजारी निरोगी गिनीपिगचा एक्स-रे ठेवून त्यांनी माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला हे समजावले. त्या अर्ध्या तासाचे मोल माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे आहे.

दाढा घासण्यासाठी भूल द्यावी लागते आणि अशक्त प्राण्याला भूल देण्यात धोका असतो. संमतिपत्र मराठीत होते आणि त्यात "प्राणी दगावण्याची शक्यता" हे शब्द स्पष्ट लिहिलेले होते. त्यांनी आधी तीन दिवस फक्त हाताने भरवून आणि वेदनाशामक देऊन तांबूची ताकद वाढवली, मग चौथ्या दिवशी भूल दिली. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवायचे असते असा आपला सर्वसाधारण समज असतो. गिनीपिगला मात्र उलटी होत नाही, आणि त्याचे आतडे रिकामे राहिले तर त्याची हालचालच मंदावते. त्यामुळे भरवणे जवळपास शेवटपर्यंत चालू ठेवले आणि भूल देण्यापूर्वी तोंडात उरलेला चोथा पाण्याने व कापसाने स्वच्छ केला. भूल वायूची होती. अंगाखाली ऊब देणारी गादी होती, डोळ्यांत मलम घातले होते. काचेच्या दारामागून आम्हाला पाहू दिले. चिमुकल्या फिरत्या यंत्राने टोके आणि वाढलेला भाग घासून काढला, तडकलेला पुढचा दातही त्याच यंत्राने सरळ केला. गिनीपिगच्या दाढांची चघळण्याची बाजू सपाट नसून सुमारे ३० अंशांनी तिरपी असते, आणि तो उतार राखूनच घासावे लागते, हे त्यांनी नंतर रेखाचित्र काढून दाखवले. सगळे काम २५ मिनिटांत झाले. तासाभराने तांबू कोथिंबिरीकडे तोंड वळवू लागली होती.

यापुढचे काम घरचे होते, आणि या रुग्णालयाची खरी कसोटी मी इथेच लावतो. दाढा घासल्या म्हणून प्राणी लगेच खायला लागत नाही. जबड्याचे स्नायू दुखत असतात, जिभेवर जखमा असतात. आम्हाला घरी सोडण्यापूर्वी त्यांनी माझ्या मुलीकडून आणि माझ्याकडून प्रत्येकी दोनदा सिरिंजने भरवून घेतले. तांबूला टॉवेलात गुंडाळून मांडीवर बसवायचे, उताणे कधीही करायचे नाही. सिरिंज समोरून न घालता पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून बाजूने घालायची, एका वेळी अर्धा ते एक मिली द्यायचे, ती चघळून गिळेपर्यंत थांबायचे आणि मगच पुढचा घोट. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाते. गवताच्या भुकटीचे तयार खाद्य कोमट पाण्यात कालवून दिवसाला सुमारे ५० मिली, सहा वेळांत विभागून, असे प्रमाण तिच्या वजनावरून ठरवून दिले. रात्रीची एक वेळ चुकवायची नाही, यावर त्यांचा विशेष जोर होता. बारीक तोंडाच्या सिरिंजमध्ये भुकटी अडकते, म्हणून टोक थोडे कापून काठ घासून गुळगुळीत केलेल्या सिरिंजा त्यांनीच दिल्या. खाद्याचे पहिले पाकीट त्यांच्याकडूनच मिळाले. पुढचे कुरिअरने येईपर्यंत तिचे नेहमीचे गोळीखाद्य गरम पाण्यात भिजवून, मिक्सरमधून काढून आणि गाळून देण्याचा उपाय सांगितला, तो दोन दिवस उपयोगी पडला.

क जीवनसत्त्वाबद्दलही त्यांनी वेळ देऊन सांगितले. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीर हे जीवनसत्त्व तयार करू शकत नाही. ते कमी पडले तर हिरड्या आणि दात धरून ठेवणाऱ्या पेशी कमकुवत होतात, जखम भरत नाही, सांधे दुखतात. निरोगी प्राण्याला दर किलो वजनामागे रोज साधारण १० ते ३० मिलीग्रॅम लागते, आजारात त्याहून अधिक. आम्ही ते पाण्याच्या बाटलीत घालत होतो. पाण्यात आणि उजेडात ते लवकर नष्ट होते, शिवाय पाण्याची चव बदलल्याने प्राणी पाणी कमी पितो. गोळीखाद्यातले हे जीवनसत्त्वही काही महिन्यांत उतरते, त्यामुळे पाकिटावरची उत्पादनाची तारीख पाहून घ्यायची. आता थेंब थेट तोंडात देतो आणि रोज ढोबळी मिरचीची फोड, तीही आधी काडीसारखी बारीक चिरून. जालना मोसंबीचे गाव असल्याने आम्ही पूर्वी मोसंबीच्या फोडी भरपूर देत असू. आंबट आणि गोड फळ जखमी तोंडाला नको म्हणून ते बंद झाले.

गवताचा प्रश्न सुटायला सर्वांत जास्त वेळ लागला. परदेशी टिमोथी गवत ऑनलाइन मिळते, पण ते महाग पडते. डॉक्टर मॅडमनी इथलेच पर्याय सुचवले. बांधावरची मारवेल आणि हरळी, फुलोरा धरण्यापूर्वी कापून सावलीत वाळवलेली, त्यांना सर्वांत पसंत होती. कुसळी गवत मात्र अजिबात नको, कारण त्याची काटेरी कुसे जिभेत आणि हिरड्यांत घुसतात आणि तिथे गळू होऊ शकते. लसूणघास हिरवागार आणि स्वस्त असतो, म्हणून आम्ही तोच आणत होतो. त्यात कॅल्शियम फार असल्याने प्रौढ गिनीपिगला मूतखड्याचा धोका वाढतो, तेव्हा तो कधीतरी चिमूटभर. आता माझा चुलतभाऊ बदनापूरजवळच्या शेतातून फवारणी न केलेल्या बांधावरची मारवेल दर पंधरा दिवसांनी पाठवतो आणि आम्ही ती गच्चीवर सावलीत पसरून वाळवतो. घरात गवताचा वास भरला की तांबू पिंजऱ्याच्या जाळीला पाय टेकून शिट्टीसारखा आवाज काढते.

या सेवेत काही उणिवा आहेत आणि त्या मी तिथेही बोलून दाखवल्या आहेत. प्रतीक्षेची खोली एकच आहे. तिथे कुत्री भुंकत असतात, मांजरे गुरगुरत असतात, आणि गिनीपिगसारखा भित्रा प्राणी त्या आवाजाने पिंजऱ्यात थिजून बसतो. पहिल्या दिवशी आम्ही तांबूला घेऊन पाऊण तास जिन्यात उभे राहिलो. दुपारी फोन उचलला जात नाही. घरी द्यायच्या औषधांचा कागद इंग्रजीत छापलेला होता; संमतिपत्र मराठीत असताना हा कागद इंग्रजीत का, हे मला कळले नाही. माझ्या आईला तो वाचता आला नाही, आणि दिवसाच्या तीन वेळा भरवणारी तीच होती. आम्ही सांगितल्यावर त्यांनी मराठीत हाताने लिहून दिले, तो कागद अजून फ्रिजवर चिकटवलेला आहे. खर्चाचा लेखी अंदाजही आधी मिळाला नाही, तोंडी सांगितला. तपासणी, एक्स-रे, भूल, दाढा घासणे आणि औषधे मिळून पहिल्या वेळी सुमारे साडेसहा हजार रुपये लागले, दुसऱ्या वेळी सुमारे चार हजार. आमच्यासारख्या नोकरदार घराला ही रक्कम जाणवते. प्रत्येक रकमेची पावती मिळाली आणि तोंडी सांगितलेल्यापेक्षा एक रुपयाही अधिक घेतला गेला नाही, हेही नोंदवले पाहिजे.

दुसऱ्या वेळेचे कारण असे की हा आजार एकदा घासून संपत नाही. मुळे खोल गेलेली असल्याने दाढा पुन्हा झुकतात, हे पहिल्याच दिवशी सांगितले गेले होते. "पूर्ण बरी होईल" असे आश्वासन एकदाही दिले गेले नाही. सात आठवड्यांनी लाळ पुन्हा दिसली, त्याच आठवड्यात आमच्या वहीत वजन २५ ग्रॅमने उतरलेले दिसले आणि आम्ही वेळ न दवडता गेलो. त्या वेळी टोके लहान होती, काम लवकर झाले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तांबू स्वतःहून गवत खात होती. रोज सकाळी त्याच वेळी, त्याच काट्यावर वजन करून लिहिण्याची सक्ती त्यांनी केली नसती तर हे आम्हाला दोन आठवडे उशिरा कळले असते.

बाहेरगावाहून जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर जातो आणि गिनीपिगला तिशीच्या आसपासच उष्णतेचा त्रास सुरू होतो. जालना ते संभाजीनगर हे अंतर ६० किलोमीटरच आहे, तरी आम्ही पहाटे साडेपाचला निघत असू, पिंजऱ्याच्या एका बाजूला बर्फाची बाटली कापडात गुंडाळून ठेवत असू, आणि प्राण्याला तिच्यापासून दूर सरकायला जागा राहील याची काळजी घेत असू. मॅडमनी आमची अडचण ओळखून सकाळी आठची पहिली वेळ राखून ठेवली आणि भूल उतरल्यावर दुपारचे ऊन कलेपर्यंत तांबूला आपल्या थंड खोलीत ठेवू दिले, त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

काल सकाळी वजन ८८५ ग्रॅम भरले. हनुवटी कोरडी आहे, लेंड्या पूर्वीसारख्या मोठ्या आहेत, सिरिंजने भरवणे तीन आठवड्यांपासून बंद आहे. पुढची तपासणी जूनच्या दुसऱ्या शनिवारी आहे, आणि त्या दिवसापासून ससे व गिनीपिग यांच्यासाठी मागच्या खोलीत वेगळे बसण्याची सोय सुरू होणार असल्याचे मॅडमनी परवा फोनवर सांगितले.